जुना संगणक, आजचे इंटरनेट : ब्राउझर कोणता घ्यावा?

शाळेच्या संगणक कक्षातला दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला आणि ती नोकरीला लागल्यावर घरी उरलेला लॅपटॉप, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेकंडहँड संच. अशा यंत्रांवर पत्र लिहिणे, हिशेबाचा तक्ता करणे अजून नीट जमते. रखडते ते इंटरनेट. बातम्यांची साइट उघडली की पंखा घरघरू लागतो, माउसचा बाण अडखळतो आणि ऐन ओटीपी टाकायच्या वेळी पान गोठते. मग कोणीतरी हमखास सांगते, ‘क्रोम काढा, एखादा हलका ब्राउझर टाका.’

हा सल्ला अर्धाच कामाचा आहे. रिकामा ब्राउझर फारसा जड नसतो. जड असते ते त्यात उघडलेले पान, आणि ते पान कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडले तरी त्याचे बहुतेक ओझे तेवढेच राहते. म्हणून जुन्या यंत्रासाठी ब्राउझर निवडताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याला सुरक्षेचे अपडेट मिळतात का, आणि पानातला नको तो भाग तो अडवू देतो का? डाउनलोडचा आकार किती आणि चालू व्हायला किती सेकंद लागतात, हे प्रश्न त्यानंतरचे.

मेमरी जाते कुठे?

जगभरातल्या वेबपानांची मोजदाद ठेवणाऱ्या ‘एचटीटीपी अर्काइव्ह’ प्रकल्पाच्या २०२४ च्या नोंदींनुसार डेस्कटॉपवर उघडणाऱ्या मुखपृष्ठांचे मध्यक वजन अडीच एमबीहून अधिक आहे. हे झाले तारेतून येणारे, दाबून लहान केलेले वजन. संगणकात आल्यावर ते फुलते. १९२० बाय १०८० पिक्सेलचे चित्र डाउनलोड होताना जेमतेम तीनशे केबीचे असेल. पण पडद्यावर दाखवण्यासाठी ते उलगडले की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने आठ एमबी जागा घेते. अशी वीस चित्रे, त्यांच्या मागे धावणाऱ्या जाहिरातींच्या स्क्रिप्ट आणि आपोआप सुरू होणारा एक व्हिडिओ असला, की एकाच टॅबने दीड-दोनशे एमबी सहज खाल्लेले असतात.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची पद्धत रुळवली. एक टॅब कोसळला तरी बाकीचे टिकावेत, हा त्यामागचा एक हेतू. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड झाली आणि एका साइटची स्क्रिप्ट दुसऱ्या साइटची मेमरी चोरून वाचू शकते हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइट स्वतंत्र प्रोसेसमध्ये ठेवली जाऊ लागली. यामुळे मेमरीचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच तेव्हा सांगितले होते. पुढे फायरफॉक्सनेही हाच मार्ग धरला. म्हणजे वाढलेल्या खर्चाचा काही भाग बँकेच्या टॅबभोवती घातलेल्या कुंपणाचा आहे. एखादा ब्राउझर फार कमी मेमरी घेत असेल, तर त्याने हे कुंपण घातले आहे का, ते आधी विचारावे.

मेमरी पुरेनाशी झाली की संगणक रॅममधला मजकूर हार्डडिस्कवर उतरवून ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा मानला, तर हार्डडिस्क म्हणजे माळा. प्रत्येक डब्यासाठी स्टूल लावून वर चढावे लागले, तर साधी आमटीही तासभर रेंगाळेल. संगणक ‘हँग’ होतो तेव्हा बहुतेक वेळा हेच चालू असते.

आधी आपले यंत्र ओळखा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लिनक्सवर ‘सिस्टम मॉनिटर’ उघडा. पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या.

१. रॅम किती? २ जीबी, ४ जीबी की ८ जीबी?

२. डिस्क फिरती हार्डडिस्क आहे की एसएसडी?

३. ऑपरेटिंग सिस्टम कोणती : विंडोज ७, ८.१, १० की लिनक्स?

४. ती ३२-बिट आहे की ६४-बिट? ३२-बिट विंडोजला ४ जीबी रॅम लावली तरी त्यातली सुमारे सव्वातीन जीबीच वापरता येते.

५. ब्राउझर चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरते, डिस्क शंभर टक्क्यांवर जाते की प्रोसेसर?

पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची. मेमरी आणि डिस्क दोन्ही भरत असतील, तर रॅम अपुरी आहे आणि टॅब कमी करणे, जाहिराती अडवणे हे उपाय लागू पडतील. मेमरी मोकळी असून प्रोसेसर शंभरावर असेल, तर दोष बहुधा व्हिडिओचा किंवा एखाद्या स्क्रिप्टचा. मेमरीही मोकळी, प्रोसेसरही मोकळा आणि डिस्क मात्र सतत शंभरावर असेल, तर अँटिव्हायरसची तपासणी किंवा विंडोजचे अपडेट मागे चालू आहे का ते पाहा. या शेवटच्या प्रकारात ब्राउझर बदलून काहीही होणार नाही.

पहिली चाळणी : अपडेट येतात का?

ब्राउझर हे संगणकातले असे एकमेव दार आहे, ज्यातून रोज अनोळखी साइटचा कोड आत येऊन चालतो. त्याच्या त्रुटी सतत सापडतात आणि सतत बुजवाव्या लागतात. ज्याला अपडेट मिळत नाहीत, तो कितीही चपळ असला तरी त्यावर पैशाचा व्यवहार करू नये.

जुन्या यंत्रांच्या मालकांनी काही तारखा लक्षात ठेवाव्यात. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टासाठी क्रोमचे अपडेट २०१६ मध्ये थांबले. विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११०व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढची प्रणाली लागते. क्रोमच्या मुळाशी असलेल्या ‘क्रोमियम’वर बांधलेले इतर मोठे ब्राउझरही त्याच सुमारास या प्रणालींवरून मागे हटले. आजही अनेक संगणकांवर क्रोम १०९ निमूटपणे चालू आहे. पाने उघडतात, म्हणून सारे ठीक असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्यानंतर सापडलेली भोके उघडीच आहेत.

विंडोज ७ आणि ८.१ साठी मोझिलाने फायरफॉक्सची ‘ईएसआर ११५’ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती ठेवली आणि तिची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवली. तिला नव्या सोयीसुविधा मिळत नाहीत, फक्त सुरक्षेची डागडुजी होते. ही मुदत कायमची नाही, त्यामुळे तिच्या सध्याच्या अखेरच्या तारखेची खात्री मोझिलाच्या साइटवर करून घ्यावी.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने विस्तारित सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली. त्यासाठी नोंदणी करावी लागते. एज ब्राउझरचे अपडेट मात्र विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. ब्राउझर ताजा आणि त्याखालची प्रणाली शिळी, ही अवस्था काही काळ निभावते. तिच्यावर कायमचे विसंबू नये.

३२-बिट लिनक्स वापरणाऱ्यांची वाट आणखी अरुंद झाली आहे. क्रोमने ती २०१६ मध्येच सोडली. फायरफॉक्सने १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्सला रजा दिली आणि अशा वापरकर्त्यांना ‘ईएसआर १४०’ कडे वळायला सांगितले.

दुसरी चाळणी : आत इंजिन कोणते?

बाजारात ब्राउझरची नावे शेकड्यांनी असली तरी पान रंगवणारी मोठी इंजिने तीनच : क्रोमचे ब्लिंक, फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. एज, ब्रेव्ह, ओपेरा, व्हिवाल्डी या सगळ्यांच्या पोटात ब्लिंकच आहे. स्वतःचे प्रेस्टो इंजिन असलेल्या ओपेरानेही २०१३ मध्ये ते सोडून क्रोमियमचा आधार घेतला. त्यामुळे क्रोम काढून ओपेरा टाकला की संगणक हलका होईल, ही अपेक्षा फोल ठरते. फरक पडला तरी तो इंजिनामुळे पडत नाही. जाहिराती अडवण्याची सोय आणि टॅब झोपवण्याची पद्धत यांमुळे पडतो.

याच कारणाने जुन्या ‘हलक्या ब्राउझरांच्या’ यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मिडोरीचे उदाहरण घ्या. लिनक्सवरचा चटपटीत, वेबकिटवर चालणारा ब्राउझर अशी एके काळी त्याची ओळख होती. २०१९ मध्ये तो दुसऱ्या संस्थेकडे गेला, गाभा बदलत गेला आणि आता तो फायरफॉक्सच्या पायावर उभा आहे. यादीत मात्र तो अजून ‘अतिशय हलका’ म्हणूनच झळकतो.

उमेदवार एकेक करून

फायरफॉक्स : जुन्या यंत्रासाठी माझी पहिली शिफारस. तो क्रोमपेक्षा दर वेळी कमी मेमरी घेतो म्हणून नव्हे. तो फरक यंत्रागणिक आणि साइटगणिक बदलतो. कारण हे की ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिरातरोधक त्यात अजून पूर्ण ताकदीने चालते. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यामुळे मूळ यूब्लॉक तिथे बंद झाले आणि त्याच विकसकाची ‘लाइट’ आवृत्ती उरली. ती वाईट नाही, पण तिच्यात मुळातल्याइतके बारकावे नाहीत. शिवाय ९३व्या आवृत्तीपासून विंडोजवर मेमरी संपत आली की फायरफॉक्स पडून असलेले टॅब आपणहून उतरवतो, आणि १४०व्या आवृत्तीपासून टॅबवर उजवी क्लिक करून आपल्यालाही तो उतरवता येतो.

एज : विंडोज १० वर तो आधीच बसवलेला असतो, त्यामुळे डिस्कवर नवे काही चढवावे लागत नाही. त्यातले ‘स्लीपिंग टॅब्स’ २०२१ पासून आहेत आणि चांगले चालतात. मात्र साइडबार, खरेदीचे सल्ले, नव्या टॅबवरचा बातम्यांचा फीड हे सगळे बंद केल्याशिवाय त्याला हलका म्हणता येत नाही.

क्रोम : ‘मेमरी सेव्हर’ आल्यापासून तो पूर्वीइतका अधाशी राहिलेला नाही. ऑफिसच्या किंवा शाळेच्या कामासाठी तोच लागत असेल, तर त्याला हाकलण्याची गरज नाही. मेमरी सेव्हर ‘मॅक्सिमम’वर ठेवा आणि यूब्लॉक लाइट बसवा.

ब्रेव्ह : क्रोमसारखाच, पण जाहिराती अडवण्याची व्यवस्था ब्राउझरच्या आतच. एक्स्टेंशन शोधून बसवणे ज्यांना जमत नाही, अशा आई-वडिलांच्या संगणकासाठी सोयीचा. वॉलेट, रिवॉर्ड्स आणि न्यूज ही बटणे पहिल्याच दिवशी लपवून टाकावीत.

पेल मून : २००९ पासून चालू असलेला, फायरफॉक्सच्या जुन्या पिढीतून फुटून निघालेला ब्राउझर. त्याचे इंजिन गोआना. तो एकाच प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून कमी रॅमवर सुसह्य वाटतो आणि त्याची देखभालही चालू आहे. पण साइटनिहाय वेगळे कुंपण त्यात नाही, पैसे भरून पाहायच्या चित्रपटांच्या सेवा त्यावर चालत नाहीत आणि आधुनिक पद्धतीने बांधलेल्या काही साइट मोडक्या दिसतात. वाचनासाठी ठीक, बँकेसाठी नको.

फॅल्कन आणि ग्नोम वेब : दोन्ही लिनक्सवरचे. फॅल्कनच्या आत क्यूटीच्या वेष्टनातले क्रोमियमच आहे. ग्नोम वेब वेबकिटवर चालतो. दोघांचीही सुरक्षा तुमचे लिनक्स वितरण ती पॅकेजे किती तत्परतेने अद्ययावत ठेवते यावर अवलंबून आहे. प्रणालीच जुनी असेल, तर ब्राउझरही जुनाच राहतो.

नेटसर्फ, डिलो, लिंक्स : हे खरोखरच हलके. डिलो १९९९ पासूनचा, मधली अनेक वर्षे थंडावलेला आणि २०२४ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती घेऊन आलेला. काही एमबींत ही मंडळी भागवतात, कारण जावास्क्रिप्ट ते चालवत नाहीत किंवा अगदी जुजबी चालवतात. म्हणून मदतपत्रे, साधे लेख, विकिपीडिया वाचण्यापुरतेच ते उपयोगी. अर्ज भरणे, ईमेलची पेटी उघडणे, व्हिडिओ पाहणे यांत त्यांचा निभाव लागत नाही.

मराठी वाचकासाठी खास चाचणी

ब्राउझरच्या बहुतेक तुलना इंग्रजी पाने उघडून केलेल्या असतात. देवनागरी अक्षरे डावीकडून उजवीकडे एकापुढे एक ठेवून भागत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावा लागतो आणि जोडाक्षरे जुळावी लागतात. फायरफॉक्स, क्रोम, एज यांत हे काम आपोआप होते. अगदी छोट्या ब्राउझरमध्ये ते बिघडू शकते. नवा ब्राउझर घेतला की मराठी विकिपीडियाचे एखादे पान उघडा आणि ‘किल्ला’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’, ‘वाङ्मय’ हे शब्द कसे उमटतात ते पाहा. वेलांटी चुकीच्या जागी पडली किंवा पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसली, तर तो ब्राउझर आपल्या कामाचा नाही. लिनक्सवर अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तर दोष ब्राउझरचा नसून फाँटचा असतो; ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ देवनागरी बसवला की काम होते.

दुसरी चाचणी सरकारी पोर्टलांची. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, कर भरणा यांपैकी जे तुम्हाला खरोखर लागते ते उघडून शेवटच्या पायरीच्या अलीकडेपर्यंत जाऊन पाहा. डिजिटल सही लावायची असेल, तर त्या पोर्टलने कोणता ब्राउझर आणि कोणते साहाय्यक सॉफ्टवेअर सांगितले आहे, ते आधी वाचा.

बसवल्यावर अर्ध्या तासात करायची कामे

ब्राउझर निवडण्यापेक्षा पुढच्या गोष्टींनी जास्त फरक पडतो.

जाहिरातरोधक एकच ठेवा. दोन बसवले तर काम दुप्पट होते, लाभ होत नाही. यूब्लॉक ओरिजिनच्या सेटिंगमध्ये ठरावीक आकाराहून मोठी चित्रे व व्हिडिओ अडवण्याची सोय आहे. इंटरनेट संथ असेल, तर ती वापरून पाहा. सर्वसाधारण कॉस्मेटिक फिल्टर दुर्लक्षिण्याचा पर्यायही तिथे आहे. तो लावला की काही रिकाम्या चौकटी दिसतील, पण मेमरी आणि प्रोसेसर दोन्ही वाचतील. ज्या वर्तमानपत्राचे किंवा नियतकालिकाचे लिखाण तुम्ही आवर्जून वाचता, त्याला मात्र सूट द्या. त्यांचा खर्च त्याच जाहिरातींवर चालतो.

बाकीची एक्स्टेंशन काढा. व्याकरण तपासणारी, कूपन शोधणारी, पडदा टिपणारी प्रत्येक सोय वेगळी मेमरी मागते, आणि त्यांतली काही प्रत्येक पान वाचत असतात.

टॅब झोपवण्याची वेळ कमी करा. एजमध्ये ती पाच मिनिटांवर आणा. अर्ज भरण्याची पोर्टले मात्र ‘कायम जागी ठेवा’ या अपवादांच्या यादीत टाका. झोपलेला टॅब परत उघडताना पान नव्याने येऊ शकते, आणि लॉगिन करून मधल्या पायरीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला ते परवडत नाही.

मागे चालणारे भाग थांबवा. ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याचा पर्याय, एजमधला ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि क्रोममधले पान आधीच आणून ठेवणारे ‘प्रीलोड पेजेस’ हे तिन्ही बंद. भरपूर रॅम असलेल्या यंत्राला वेग देण्यासाठी केलेल्या या सोयी कमी रॅमच्या यंत्राला जाचतात.

नोटिफिकेशनच्या परवानग्या तपासा. ‘अलाउ’वर घाईत दाबलेल्या क्लिकमुळे अनोळखी साइट दिवसभर जाहिराती धाडत राहतात. यादी उघडा आणि ओळखीच्या एक-दोन सोडून सगळ्यांना नकार द्या.

यूट्यूब अडखळत असेल, तर आधी दर्जा ४८० किंवा ३६० वर आणा. तरी प्रोसेसर धापा टाकत असेल, तर कारण वेगळे असू शकते. यूट्यूब शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ पाठवते. इंटेलच्या सातव्या पिढीआधीच्या बहुतेक चिपमध्ये व्हीपी९ उलगडणारी पूर्ण यंत्रणा नाही, आणि एव्ही१ साठी अकरावी पिढी लागते. एच.२६४ मात्र फार जुनी चिपही सहज उलगडते. ‘एच२६४इफाय’ नावाचे छोटे एक्स्टेंशन यूट्यूबला तोच प्रकार पाठवायला लावते. जुन्या लॅपटॉपवर याने पंख्याचा आवाजसुद्धा उतरतो.

ईमेल ब्राउझरबाहेर काढा. जीमेलचे साधे एचटीएमएल रूप गूगलने २०२४ मध्ये बंद केले, तेव्हापासून जुन्या यंत्रावर त्याची खिडकी जड वाटते. थंडरबर्डसारख्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रे उतरवून घेतली, तर दिवसभर उघडा राहणारा एक मोठा टॅब कमी होतो.

कोणत्या यंत्राला काय?

विंडोज १०, ४ जीबी रॅम, ६४-बिट : फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन, किंवा साफसूफ केलेला एज. एका वेळी पाच-सहा टॅब. व्हिडिओ मीटिंगच्या वेळी बाकी सारे बंद.

विंडोज १०, २ जीबी रॅम : प्रणालीच निम्म्याहून अधिक रॅम अडवते. ब्राउझर एकच ठेवा, टॅब दोन-तीन. यावर समाधान होत नसेल, तर ब्राउझर बदलत बसू नका, प्रणाली बदला.

विंडोज ७ किंवा ८.१ : मुदत उरली असेल तोवर फायरफॉक्स ईएसआर ११५, आणि बँकेचे काम अद्ययावत मोबाइलवर. जुन्या विंडोजसाठी नवे क्रोमियम चालवून दाखवणारे सुपरमियमसारखे प्रकल्प आहेत. त्यांची कारागिरी दाद देण्यासारखी आहे. पण ती मोजक्या लोकांची धडपड आहे, आणि खालची प्रणाली तर बेवारसच राहते. पासवर्ड टाकण्यासाठी त्यांवर अवलंबून राहू नये.

६४-बिट प्रोसेसर असलेला जुना संच, नवी प्रणाली टाकायची तयारी : लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, त्यावर फायरफॉक्स. पेनड्राइव्हवरून चालवून आधी वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. संगणकावरचे काही पुसले जात नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात मिळतो. रॅम ४ जीबी असेल, तर क्रोमओएस फ्लेक्स हाही एक पर्याय आहे.

३२-बिट अॅटमची छोटी नोटबुक : अँटिएक्ससारखे हलके लिनक्स, त्यावर ईएसआर फायरफॉक्स, आणि नुसत्या वाचनासाठी सोबत नेटसर्फ. यावर यूट्यूबचा हट्ट धरू नये.

खरा हलका कोणता, हे स्वतः मोजा

संगणक नव्याने सुरू करा. पाच मिनिटे थांबा. पहिला ब्राउझर उघडून नेहमीच्या चार साइट उघडा : एक बातम्यांची, एक ईमेलची, एक सरकारी, एक व्हिडिओची. दोन मिनिटांनी शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिघांतही स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी घेतो ते दिसते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधली एकूण मेमरीही लिहून घ्या. मग संगणक पुन्हा सुरू करून दुसऱ्या ब्राउझरवर हेच करा.

आकडे वाचताना एक भान ठेवा. मोकळ्या रॅमचा वापर करणे हे ब्राउझरचे कामच आहे. ८ जीबीच्या यंत्रावर तो जास्त घेईल, २ जीबीच्या यंत्रावर स्वतःला आवरेल. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर मोजलेला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. नुसत्या आकड्यापेक्षा टॅब बदलताना किती थांबावे लागते आणि डिस्क शंभरावर जाते का, यावरून निर्णय घ्या.

एक्स्टेंशन आणि ब्राउझर फक्त अधिकृत ठिकाणाहून घ्या. ‘रॅम बूस्टर’, ‘पीसी क्लीनर’ अशा नावांची सॉफ्टवेअर टाळा. ती रॅममधला मजकूर जबरदस्तीने डिस्कवर ढकलून आकडा कमी करून दाखवतात, आणि पुढच्याच क्लिकला तोच मजकूर परत आणावा लागतो. सुरक्षेची कुंपणे बंद करून मेमरी वाचवण्याच्या ‘गुप्त सेटिंग’ सांगणारे व्हिडिओही बाजूला ठेवा.

एवढे करूनही यंत्र रखडत असेल, तर ब्राउझरच्या निवडीची मर्यादा आली असे समजा. फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणे हा अशा वेळी सर्वांत परिणामकारक खर्च, त्यानंतर रॅम. मदरबोर्ड किती रॅम घेतो आणि ती कोणत्या पिढीची, हे दुकानात जाण्याआधी पाहून ठेवा. डीडीआर२ च्या काळातल्या यंत्रावर पैसे घालण्यापूर्वी तेवढ्याच रकमेत पुढच्या पिढीचा सेकंडहँड संच मिळतो का, याची चौकशी करा. खर्च करायचा नसेल, तर त्या संगणकाकडून पैशांचे व्यवहार काढून घ्या आणि त्याला लेखन, वाचन, मुलांचा टायपिंगचा सराव अशी कामे द्या. ती तो आणखी काही वर्षे विनातक्रार करील.